आकडा नेमका कशाचा? घरातल्या उष्णतेच्या सेन्सरांबद्दल वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या भागांतून या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत: घरात किंवा शेतावर काहीतरी फार तापतं, त्याच्यावर सेन्सर बसवला, पण आकड्यावर भरवसा ठेवावा की नाही ते कळत नाही. म्हणून हे पान पूर्ण त्याच प्रश्नांना दिलं आहे. खरेदीआधी एवढं ध्यानात घ्या की सेन्सर फक्त स्वतःचं तापमान सांगतो. पाण्याचं, रसाचं किंवा भट्टीचं तापमान त्याच्यापर्यंत नीट पोचवणं हे बसवणाऱ्याचं काम.

प्रश्न : जांबोटीला आमचं जुनं कौलारू घर आहे. न्हाणीत तांब्याचा बंब, आणि धुरासाठी पत्र्याची नळी छपरातून बाहेर काढलेली. पाणी तापलं की मोबाइलवर कळावं, नळी फार तापली तर घंटा वाजावी, म्हणून डीएस१८बी२० सेन्सर नळीला तारेनं बांधला. चार दिवस बरा चालला. मग कधी ८५, कधी उणे १२७ दाखवायला लागला, आणि आता बघतो तर वायरच वितळलीय. सेन्सर खोटा लागला का?
— एक वाचक, जांबोटी, ता. खानापूर

उत्तर : सेन्सर खोटा असेलच असं नाही, जागा नक्की चुकली आहे. या चिपची मर्यादा १२५ अंश सेल्सिअस. बाजारात स्टीलच्या टोपीत जो मिळतो त्याची काळी वायर पीव्हीसीची असते आणि ती चिपच्याही आधी मऊ पडते. लाकडाचा जाळ चालू असताना धुराची नळी १२५ च्या कितीतरी वर जाते.

तुम्हाला दिसलेले दोन्ही आकडे ही तापमानं नव्हेत. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण होण्याआधीच चिपला विचारलं, तर ती ८५ हा ठरलेला आकडा देते. सर्वांत बारीक म्हणजे बारा बिटांच्या मोजमापाला पाऊण सेकंद लागतो. वायर ढिली होऊन चिप मधेच बंद पडली आणि पुन्हा चालू झाली, तरी तेच होतं. उणे १२७ म्हणजे चिपकडून उत्तरच आलं नाही, तार तुटली किंवा सुटली. काही जण प्रोग्रॅममध्ये सरसकट ८५ गाळून टाकतात. ते करू नका, कारण बंबातलं पाणी तापताना खरंच ८५ वरून जातं. एका मोजमापात आकडा दहा अंशांहून अधिक उडाला तरच तो टाकून द्या.

तुमच्याकडे मोजायच्या गोष्टी तीन आहेत आणि तिन्हींना वेगळा सेन्सर हवा.

पाण्यासाठी डीएस१८बी२० चालेल, फक्त सिलिकॉन वायरीचा घ्या. गरम पाण्याच्या तोटीजवळ, बंबाच्या बाहेरच्या तांब्याला थर्मल पेस्ट लावून तो घट्ट आवळा आणि वरून ग्लासवूल किंवा जाड कापडाचा थर गुंडाळा. उघडा ठेवलात तर एक बाजू तांब्याला आणि दुसरी वाऱ्याला लागून आकडा खऱ्यापेक्षा बराच खाली येतो. एक धोका मात्र राहतोच. बंबातलं पाणी सेन्सरच्या खाली उतरलं की सेन्सर नुसती वाफ आणि कोरडं तांबं मोजतो, आणि तो आकडा दिसायला साधाच असतो. कथलाचा डाग दिलेले सांधे १८३ अंशांच्या आसपास सुटतात. म्हणून बंब भरलेला आहे की नाही हे डोळ्यांनीच बघायचं, सेन्सरवर सोडायचं नाही.

धुराच्या नळीसाठी के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेला सेन्सर) घ्या, सोबत मॅक्स३१८५५ चा छोटा बोर्ड. मॅक्स६६७५ स्वस्त पडतो आणि ० ते १०२४ अंश मोजतो, तुमच्या कामाला तोही पुरतो. फरक असा की मॅक्स३१८५५ तार तुटली आहे की कुठे चिकटली आहे हे वेगवेगळं सांगतो, आणि धोक्याच्या घंटेसाठी ती माहिती मोलाची आहे. त्याला ३.३ व्होल्टच द्या. प्रोब घेताना टोक स्टीलच्या कवचाला आतून जोडलेलं नाही असा मागा. जोडलेला प्रोब पत्र्याच्या नळीला लागला की मॅक्स३१८५५ सतत दोष दाखवत बसतो. बंबाच्या वर हातभर अंतरावर नळीला भोक पाडून प्रोबचं टोक नळीच्या मध्यापर्यंत आत घाला. प्रोबच्या दोन टोकांवर १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला की आकड्याची थरथर कमी होते. बोर्ड नळीपासून लांब, सावलीत हवा, कारण थर्मोकपल दोन टोकांतला फरक मोजतो आणि दुसरं टोक म्हणजे तो बोर्डच.

घंटेची सीमा किती ठेवायची हे आम्ही इथून सांगणं बरोबर नाही. आठ दिवस रोजच्या जाळाची नोंद ठेवा, रोजचा सर्वांत मोठा आकडा काढा आणि त्याच्या ५० अंश वर सीमा लावा. नळीत काजळी साचून ती पेटली तर आकडा ती सीमा झपाट्यानं ओलांडतो.

तिसरी गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण आम्हाला सगळ्यांत जास्त काळजी तिचीच वाटते. नळी छपरातून जाते तिथले वासे. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की आतून कोळशासारखं होत जातं आणि मग नेहमीपेक्षा कमी तापमानालाही धुमसू लागतं. नळीच्या सर्वांत जवळच्या वाशाला एक डीएस१८बी२० स्क्रूनं धरून ठेवा. तो ७० च्या वर गेला तर घंटा वाजू द्या, आणि घंटा एकदा जरी वाजली तरी नळी आणि वाशामधलं अंतर वाढवून घ्या. खानापूरच्या पश्चिमेचा पाऊस लक्षात घेता बोर्डाची पेटी झाकणबंद हवी आणि वायर पेटीत खालच्या बाजूनं शिरायला हवी, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी आत जात नाही.

प्रश्न : शेतावर आमचं गुऱ्हाळ आहे. काहिलीत प्रोब सोडून ११८ अंश झाले की फोन वाजेल अशी सोय घरच्या होम असिस्टंटवर (घरातली उपकरणं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) केली. पण चरकाची मोटर सुरू झाली की आकडा उड्या मारतो, आणि ११८ वर उतरवलेला पाक दोनदा कडक होऊन गूळ काळपट निघाला. गुळव्या म्हणतो तुमचं यंत्र मागं पडतंय.
— एक शेतकरी, निपाणी तालुका

उत्तर : गुळव्याचं म्हणणं बरोबर दिसतं. तुमच्याकडे चार चुका एकत्र आल्या आहेत, त्या एकेक करून काढू.

पहिली चूक उंचीची. ढेपेच्या गुळाला ११८ च्या आसपास उतरवायचं, हा आकडा पाणी जिथे १०० अंशांना उकळतं तिथला आहे. आपला भाग समुद्रसपाटीपासून उंच. बेळगाव शहर साधारण ७५० मीटरवर आहे आणि तिथे पाणी सुमारे ९७.५ अंशांना उकळतं. उंचीनुसार ढोबळमानानं दर ३०० मीटरला एक अंश कमी होतो. पाकाचा उत्कलनबिंदूही जवळपास तेवढाच खाली येतो. म्हणजे पुस्तकात ११८ असेल तर बेळगावच्या उंचीवर तीच अवस्था ११५.५ ते ११६ च्या घरात येते. तुम्ही ११८ ची वाट बघत बसता तोवर पाक दोन अंश पुढे गेलेला असतो. तुमच्या शेताचा आकडा हिशेबानं काढण्याऐवजी मोजून घ्या. पातेल्यात स्वच्छ पाणी खळखळ उकळवा, प्रोब तळाला न लावता पाण्यात धरा, आणि आलेला आकडा चुन्यानं भिंतीवर लिहून ठेवा. त्यात १८ मिळवले की तुमच्या जागेची, तुमच्याच प्रोबची सीमा मिळते. काकवीसाठी ४ ते ६ मिळवा. या रीतीनं प्रोबची कायमची चूकही आपोआप वजा होते. दुसरी तपासणी बर्फाची: पेला चुरलेल्या बर्फानं भरा, फटी बुजतील इतकंच पाणी घाला, ढवळत तीन मिनिटं थांबा. आकडा शून्याच्या अर्ध्या अंशात आला पाहिजे.

दुसरी चूक सेन्सरच्या जातीची. के टाइपच्या साध्या प्रोबची ग्राह्य चूकच अधिक-उणे २.५ अंश असते, वर बोर्डाची वेगळी. भट्टीत ती खपते, पाकात खपत नाही. इथे पीटी१०० (तापमानानुसार रोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) हवा आणि सोबत मॅक्स३१८६५ बोर्ड. ए दर्जाच्या पीटी१०० ची चूक ११८ अंशांना ०.४ च्या आत असते. तीन तारांचाच घ्या. कारण असं की पीटी१०० चा रोध अंशाला फक्त ०.३८५ ओहम बदलतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची दोनतारी तांब्याची वायर दहा मीटर ओढली तर जाऊन-येऊन पाऊण ओहम तिचाच होतो, आणि आकडा दोन अंश जास्त दिसतो. तीन तारांत हा रोध वजा होतो, मात्र बोर्डावरचे तीनतारी जोडणीचे ठिपके कथलानं जोडावे लागतात आणि प्रोग्रॅममध्येही तीन तारा असं सांगावं लागतं. बहुतेकांचं इथेच अडतं. बोर्डावरचा संदर्भ रोध ४३० ओहमचा आहे का तेही बघा. ४३०० चा असेल तर तो पीटी१००० साठीचा बोर्ड आहे.

तिसरी चूक जागेची. रस आटून जवळपास पाचव्या हिश्श्यावर येतो. सुरुवातीला बुडालेलं टोक शेवटी फेसात उघडं पडतं, आणि फेसाचं तापमान पाकापेक्षा कमी. उलट टोक काहिलीच्या तळाला टेकलं तर ते चुलवाणाची धग मोजतं. टोक तळापासून दोन बोटं वर आणि शेवटच्या पातळीच्या खाली राहील असा वाकवलेला स्टीलचा दांडा काहिलीच्या काठाला अडकवा. मळी काढताना आणि पाक ढवळताना तो आड येणार नाही अशी बाजू गुळव्यालाच विचारून ठरवा. तीन मिलिमीटर जाडीचा प्रोब काही सेकंदांत जागेवर येतो. जाड नळीत घातलेला प्रोब अर्धा मिनिट मागे राहतो, आणि नळीत हवा राहिली तर आणखी. प्रत्येक काहिलीनंतर प्रोब गरम पाण्यानं धुवा. त्यावर चिकटलेल्या साखरेचा थर हा चांगला उष्णतारोधक असतो.

चौथी चूक प्रोग्रॅममधली. मोटरच्या उड्या घालवायला तुम्ही सरासरी लावली असणार. दर दहा सेकंदांनी एक, अशी दहा मोजमापांची सरासरी म्हणजे शंभर सेकंदांची खिडकी, आणि चढत्या तापमानात ती सुमारे पन्नास सेकंद मागे असते. पाक मिनिटाला दोन अंश चढत असेल तर तेवढ्यानंच दीड अंशाहून जास्त मागे पडलात. सरासरी काढून टाका. दर सेकंदाला मोजा आणि शेवटच्या पाच आकड्यांतला मधला आकडा घ्या, ईएसपीहोममध्ये (ईएसपी३२ या छोट्या वायफाय बोर्डासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याला मीडियन फिल्टर म्हणतात. एखादी उडी त्यात आपोआप गळते आणि उशीर दोन-तीन सेकंदांचाच होतो. उड्यांचं मूळही काढायला हवं. प्रोबची वायर मोटरच्या केबलला लागून नेऊ नका, किमान फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. जाळीची वायर वापरा आणि जाळी फक्त बोर्डाकडच्या एकाच टोकाला अर्थ करा. मॅक्स३१८६५ ला ५० हर्ट्झचा गाळणीचा पर्याय आहे, तोच निवडा. आपली वीज ५० हर्ट्झची, पण अनेक नमुना प्रोग्रॅममध्ये ६० ठेवलेलं असतं.

फोनवर मात्र विसंबू नका. फोनचा निरोप कधी दोन सेकंदांत येतो, कधी दोन मिनिटांत. काहिलीशेजारी मोठे आकडे दाखवणारा एक डिस्प्ले आणि एक भोंगा त्याच ईएसपी३२ ला जोडा. सीमेच्या पाच अंश आधी एकदा वाजवा, सीमेवर सलग वाजवा. आणि थंड पाण्यात पाक टाकून गोळी बघायची गुळव्याची रीत चालूच ठेवा. रसाची जात, भेंडीचा चीक, चुन्याचं प्रमाण यांनी उतरवायची वेळ थोडी मागेपुढे होते, आणि ते तापमानात दिसत नाही.

प्रश्न : जिन्याखालच्या कपाटात इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी आहे. तिथे सेन्सर लावून ४५ अंशांच्या वर पाच मिनिटं राहिलं तर फोनवर सूचना येईल असं केलंय. परवा कपाट उघडलं तर बॅटरी हात लावू देईना, सेन्सर ५१ दाखवत होता, पण सूचना आलीच नव्हती. त्या दुपारी दोनदा वीज गेली होती एवढंच आठवतं.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : वीज जाणं हेच कारण. होम असिस्टंटमधला न्यूमेरिक स्टेट हा ट्रिगर (सूचना सुरू करणारी खूण) आकडा सीमा ओलांडतो त्याच क्षणी उडतो. आकडा आधीच सीमेच्या वर असेल तर ४७, ४९, ५१ असा कितीही चढला तरी तो पुन्हा उडत नाही. शिवाय पाच मिनिटांची मोजणी सर्व्हर पुन्हा सुरू झाला की पुसली जाते. तुमच्याकडे बहुधा असं झालं: ४५ ओलांडलं, मोजणी सुरू झाली, वीज गेली, सर्व्हर परत आला तेव्हा आकडा आधीच वर होता.

त्याच ऑटोमेशनमध्ये आणखी दोन ट्रिगर घाला: एक सर्व्हर सुरू होतानाचा, दुसरा दर पाच मिनिटांचा. आणि ‘तापमान ४५ च्या वर’ ही अट खाली वेगळी लिहा. मग कधीही तपासलं तरी चुकत नाही. सारखी सूचना येऊन कंटाळा येऊ नये म्हणून एकदा कळवल्यावर अर्धा तास गप्प राहील असं करा, आणि ‘ठीक झालं’ हा निरोप ४५ ला नव्हे, ४२ ला द्या. सीमेवर आकडा हेलकावे खातो तेव्हा हे तीन अंश कामी येतात.

यापेक्षा मोठी उणीव म्हणजे सेन्सर गप्प झाला तर तुम्हाला कळत नाही. सेन्सर दहा मिनिटं ‘अनअव्हेलेबल’ राहिला तर तीही धोक्याचीच सूचना समजा. तुमचा सेन्सर एमक्यूटीटीवर (सेन्सरचे निरोप सर्व्हरपर्यंत नेणाऱ्या पद्धतीवर) असेल तर जास्त सावध राहा. तिथे सेन्सर मेला तरी शेवटचा आकडा पडद्यावर तसाच राहतो आणि ३६ अंश बघून आपण निवांत बसतो. एक्स्पायर आफ्टर या सेटिंगमध्ये ३०० सेकंद घाला, म्हणजे पाच मिनिटांत नवा आकडा आला नाही तर जुना पुसला जातो.

भोंगा ईएसपीवरच वाजवा, सर्व्हरला विचारून नको. हेस्कॉमची वीज जाते नेमकी तेव्हाच बॅटरीवर भार येतो, आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर निरोप घराबाहेर पडतच नाही. ईएसपीहोममध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे: सर्व्हर किंवा वायफाय पंधरा मिनिटं सापडलं नाही तर बोर्ड स्वतःहून रीस्टार्ट होतो. स्वतंत्रपणे पहारा देणाऱ्या बोर्डावर एपीआय (सर्व्हरशी जोडणी) आणि वायफाय या दोन्हींचा रीबूट टाइमआउट शून्य करा.

आता बॅटरीबद्दल. कपाटातली हवा मोजू नका. एक सेन्सर बॅटरीच्या कुशीला चिकटवा, आणि एकेक दोन्ही टर्मिनलांच्या लगला (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीला), मधे पातळ कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप) देऊन. एका लगचं तापमान दुसऱ्यापेक्षा आठ-दहा अंश वर गेलं तर तो नट ढिला आहे किंवा गंजला आहे. हा फरक एकूण तापमानाच्या कितीतरी आधी दिसतो. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला ढोबळमानानं निम्मं होतं, म्हणून कपाटाच्या दाराला खाली आणि वर जाळी करून घ्या. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो आणि वर जमतो. रिले किंवा ठिणगी पडणारं काहीही बॅटरीच्या वर बसवू नका, कपाटाबाहेर बसवा. आणि आताची बॅटरी ५१ पर्यंत का गेली ते आधी बघून घ्या. जास्त व्होल्टेजनं चार्ज होत असेल किंवा एखादा सेल गेला असेल, तर सेन्सर नीट करून भागणार नाही.

प्रश्न : मातीच्या वस्तू भाजायची विजेची छोटी भट्टी आहे. मॅक्स६६७५ आणि के प्रोब. ९५० ला बंद करतो. गेल्या काही खेपांत आकडा ९५० च असतो पण भांडी जास्त भाजून वाकडी होताहेत. मधे प्रोबची वायर आखूड पडली म्हणून साध्या वायरीचा जोड दिला होता.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : भांडी खरं सांगताहेत. आकडा कमी येतो आहे, म्हणून भट्टी जास्त वेळ चालते.

अर्धा दोष जोडाचा. साध्या तांब्याची वायर जोडली की जोडाची जागाच थर्मोकपलचं थंड टोक होते, पण बोर्ड भरपाई स्वतःच्या तापमानाची करतो. जोड भट्टीजवळ ६५ अंशांना आणि बोर्ड ३५ ला असेल तर आकडा ३० नं कमी. के टाइपचीच एक्स्टेन्शन वायर लावा. रंगांवर जाऊ नका, अमेरिकी पद्धतीत लाल म्हणजे ऋण, युरोपीय पद्धतीत हिरवा धन आणि पांढरा ऋण, आणि बाजारात दोन्ही मिळतात. चुंबक लावा. के टाइपची ऋण तार चुंबकाला चिकटते, धन चिकटत नाही. दोन्ही जोडांत तारा उलट झाल्या तर आकडा चढतो, पण जोड आणि बोर्ड यांच्यातल्या फरकाच्या दुपटीनं चुकतो. तो दोष पटकन लक्षात येत नाही.

उरलेला अर्धा दोष प्रोबच्या वयाचा. ८०० ते १०५० अंशांच्या पट्ट्यात, बंद कवचात ऑक्सिजन कमी असला की धन तारेतला क्रोमियम गंजतो, तार हिरवट पडते आणि आकडा खाली सरकत जातो. काळ्या रंगासाठी भट्टीत भुसा जाळत असाल तर हे आणखी लवकर होतं. जुना प्रोब नव्या खोलीवर सरकवून बसवला तरी आकडा बदलतो, म्हणून एकदा बसवला की हलवू नका. पुढचा प्रोब एन टाइपचा घ्या, जाड तारेचा, सिरॅमिक नळीतला, आणि सोबत मॅक्स३१८५६ बोर्ड, कारण मॅक्स६६७५ फक्त के टाइप ओळखतो आणि १०२४ ला संपतो. मॅक्स६६७५ वर असेपर्यंत पाव सेकंदापेक्षा घाईनं वाचू नका. त्याचं मोजमाप अर्ध्यावर मोडतं आणि आकडा गोठल्यासारखा दिसतो. दर दहा खेपांनी पायरोमेट्रिक कोन (ठरलेल्या उष्णतेला वाकणारा मातीचा सुळका) ठेवून पडताळा घ्या.

भट्टी सॉलिड स्टेट रिलेवर (हलते भाग नसलेल्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) असेल तर तो बिघडताना बहुतेक वेळा चालूच राहतो. त्याच्या मागे एक कॉन्टॅक्टर (मोठा वीजप्रवाह तोडणारा स्विच) आणि स्वतःचा वेगळा प्रोब असलेला लिमिट कंट्रोलर बसवा. ते दोन्ही होम ऑटोमेशनच्या बाहेर राहू द्या.

प्रश्न : गच्चीवर काचेच्या नळ्यांचा सोलर बंब आहे. खाली बोर्डापर्यंत वायर २० मीटर होते. सेन्सर कुठं आणि कसा लावू?
— एक वाचिका, अथणी

उत्तर : टाकीला सेन्सरसाठी खोबण असेल तर तिच्यात थर्मल पेस्ट भरून सिलिकॉन वायरीचा डीएस१८बी२० घाला. काचेच्या नळीत घालू नका. पाणी नसताना कडक उन्हात निर्वात नळी २०० अंशांच्या पुढे जाते. त्याच कारणानं टाकी रिकामी झाली असेल तर दुपारी गार पाणी सोडू नका, नळ्या तडकतात. अथणीच्या उन्हाळ्यात ही चूक महागात पडते.

वायर नेटवर्कची कॅट-६ वापरा. एका जोडीत डेटा आणि ग्राउंड, दुसऱ्या जोडीत ५ व्होल्ट आणि ग्राउंड. दोन तारांवर भागवायचा मोह टाळा, १०० अंशांजवळ त्या पद्धतीत आकडे चुकतात. नेहमीच्या ४.७ किलोओहम पुल-अपऐवजी (डेटाची तार व्होल्टला जोडणाऱ्या रोधाऐवजी) २.२ किलोओहम लावा, तो ३.३ व्होल्टलाच जोडा, कारण ईएसपीच्या पिनेला ५ व्होल्ट सोसत नाहीत. गच्चीवरून येणारी लांब वायर वळिवाच्या विजांना आमंत्रण असते. टोकाला सर्ज संरक्षक द्या, आणि ढग दाटले की प्लग काढून ठेवला तर उत्तम.

प्रश्न : गिझरचा थर्मोस्टॅट खराब झालाय. त्याऐवजी सेन्सर आणि वायफाय रिले लावून ६० ला बंद केला तर चालेल का?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : नाही. थर्मोस्टॅट आणि त्याच्या जोडीचा थर्मल कटआउट नवा बसवून घ्या. टाकी बंद असते. रिले चिकटला किंवा बोर्ड गोठला तर पाणी उकळून दाब वाढतो आणि तो फक्त सेफ्टी व्हॉल्व्हच्या भरवशावर राहतो. वेळेनुसार चालू-बंद करायला रिले जरूर लावा, पण मूळ थर्मोस्टॅटच्या आधी, एकसरीत. ३ किलोवॅटचा गिझर १३ अँपिअर घेतो. १० अँपिअरचा रिले त्याला जोडाल तर रिलेचीच पेटी तापेल. १६ अँपिअरचा घ्या, किंवा रिलेनं कॉन्टॅक्टर चालवा.

प्रश्न : स्वयंपाकघरात डीएचटी२२ लावलाय. आग लागली तर तोच कळवेल ना?
— एक वाचिका, टिळकवाडी

उत्तर : त्याच्यावर अवलंबून राहू नका. तो ८० अंशांपर्यंतच मोजतो आणि फार सावकाश. स्वयंपाकघराच्या छताला हीट डिटेक्टर बसवा. ५७-५८ अंशांना, किंवा तापमान झपाट्यानं चढू लागलं तर, तो स्वतःच्या भोंग्यानं वाजतो आणि फोडणीच्या धुरानं वाजत नाही. झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये मात्र स्मोक डिटेक्टरच हवा, कारण उष्णतेच्या खूप आधी धूर पोचतो. बसवताना शेगडीच्या थेट वर नको, भिंत आणि छताच्या कोपऱ्यातही नको. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा, आणि घरातल्या सगळ्यांना तो आवाज ऐकवून ठेवा.